नाव की नुसता आकडा?
शिपायांच्या वस्तू आणि आपली कुटुंबे

इतिहासाचार्य राजवाडे यांनी १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध केला, आणि जुने दप्तर म्हणजे रद्दी नव्हे ही गोष्ट महाराष्ट्रातील सुशिक्षित घराण्यांस हळूहळू पटू लागली. पुढे १९१० साली पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाले व माळ्यावरचे कित्येक रुमाल खाली उतरले. परंतु पेशवाईतील पत्रास जो मान मिळाला, तो विसाव्या शतकातील साध्या शिपायाच्या पदकास किंवा आघाडीवरून आलेल्या कार्डास आपण अद्याप दिलेला नाही.

आमच्या कोपर-डोंबिवलीच्या शेजारी, कल्याणास, ह्या बाबतीत एक चांगला आरंभ झाला आहे. शिवछत्रपतींनी १६५७ साली कल्याण-भिवंडी काबीज केली, हे सर्वांस ठाऊक आहे. त्या कल्याणात दुर्गाडी किल्ल्याजवळ खाडीकाठी नौदलाचे संग्रहालय व्हावे म्हणून ‘टी-८०’ ही निवृत्त झालेली शीघ्रगती युद्धनौका फेब्रुवारी २०२४ मध्ये आणण्यात आली. ‘विक्रान्त’च्या नशिबी हे भाग्य नव्हते. १९७१ च्या युद्धात गाजलेली ती विमानवाहू नौका १९९७ साली निवृत्त झाली, २०१२ पर्यंत मुंबईत संग्रहालय म्हणून उभी राहिली, आणि २०१४ साली मोडीत निघाली.

तथापि युद्धनौका मोडली तरी तिचा वृत्तान्त सरकारी दप्तरात राहतो. शिपायाची पत्र्याची पेटी भंगारात गेली म्हणजे पुष्कळदा त्याचे नावच जाते. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियातील कुत येथे जनरल टाउनशेंडच्या सैन्यात १०३, ११० व ११७ ह्या मराठा पलटणी होत्या. वेढ्यात अन्नावाचून हाल सोसून २९ एप्रिल १९१६ रोजी त्या सैन्यास शरण जावे लागले व पुढे कैदेत कित्येक शिपाई दगावले. बसरा येथे स्मारक उभारले गेले, त्यावर गोऱ्या सैनिकांची नावे कोरली. हिंदी शिपायांचे मात्र पलटणवार आकडेच दिले. युद्धसमाधींची व्यवस्था पाहणाऱ्या राष्ट्रकुल आयोगाने हा पक्षपात २०२१ साली मान्य करून दिलगिरी प्रकट केली. आपल्याकडेही अनेक गावी संगमरवरी पाट्या दिसतात : ह्या गावातून १९१४ ते १९१९ च्या महायुद्धास इतके इसम गेले, पैकी इतके कामी आले. तेथेही आकडा आहे, नाव नाही. हे नाव भरून काढण्याचे साधन बहुधा एखाद्या घरातील ट्रंकेतच असावयाचे.

म्हणून अशी वस्तू हाती आल्यास ती वाचावयास शिकले पाहिजे. पहिल्या महायुद्धाच्या गोल पदकांच्या कडेवर शिपायाचा क्रमांक, हुद्दा, नाव व पलटण बारीक अक्षरांत असते. ‘१९१४-१५’च्या ताऱ्यावर ते मागील बाजूस असते. युद्धपदक सामान्यतः चांदीचे असे, आणि म्हणूनच कित्येक पदके सोनाराच्या मुशीत गेली. बिगारी कामावरील माणसांस तेच पदक काशाचे मिळे. तेव्हा काशाचे पदक खोटे समजून टाकू नये. दुसऱ्या महायुद्धाची पदके इंग्लंडने आपल्या सैनिकांस नावाविना दिली, पण हिंदी सैनिकांच्या पदकांवर नावे घातलेली आढळतात. ही अक्षरे हाच खरा दस्तऐवज होय. चिंच, लिंबू किंवा पितळ उजळण्याची पूड लावून पदक घासले की तो दस्तऐवज आपल्याच हातांनी पुसला जातो. कागदास चिकटपट्टी लावू नये, आणि फोटोच्या पाठीवर लिहावयाचे ते मऊ शिसपेन्सिलीनेच लिहावे.

वस्तू जपणे हे अर्धे काम झाले. उरलेले अर्धे तिच्याविषयी खरे तेवढेच सांगणे हे होय, आणि आम्हांस ते अधिक कठीण वाटते. पलटणीत कारकून असलेले आजोबा तिसऱ्या पिढीत सुभेदार होतात व चौथ्या पिढीत त्यांना शौर्यपदकही मिळते! ह्यास उपाय साधा आहे. एका वहीत तीन रकाने आखावेत : वस्तूवर कोरलेले, कागदपत्रात सापडलेले, आणि घरात ऐकलेले. ऐकलेल्या गोष्टीपुढे ती कोणी व केव्हा सांगितली हे लिहावे. घरातील आजी-आत्यांस आधी विचारावे. कोणते पत्र कोठून आले हे बहुधा त्यांनाच आठवते. नावाच्या लेखनाकडेही लक्ष असावे. ९ एप्रिल १९४५ रोजी इटलीत सेनियो नदीकाठी व्हिक्टोरिया क्रॉस मिळविणाऱ्या नामदेव जाधवांचे आडनावदेखील इंग्रजी कागदांत ‘जादव’ असे येते. मग सामान्य शिपायाची काय कथा?

एकत्र कुटुंबात आणखी एक प्रसंग येतो, तो वाटणीचा. चार भावांनी चार पदके वाटून घेतली म्हणजे एका माणसाचा इतिहास चार ठिकाणी तुटतो. वाटणीपूर्वी सर्व वस्तू एकत्र मांडून त्यांचे छायाचित्र घ्यावे, व वहीची प्रत प्रत्येक घरी द्यावी. घराण्याचा कुलवृत्तान्त छापला जात असेल तर ही माहिती तीत अवश्य घालावी. बाजारातून आणलेले पदक आजोबांच्या पदकांत मिसळू नये. बंदूक, काडतूस किंवा बाँबगोळा सापडल्यास मात्र हात न लावता पोलिसांस कळवावे. हौशीपुढे जीव व कायदा दोन्ही मोठे आहेत.

सध्या आमच्या ह्या भागात जुन्या चाळी व बैठी घरे पाडून नव्या इमारती उठत आहेत. सामान हलविताना पेट्या उघडतात, आणि त्याच दिवशी भंगारवालाही दारात उभा असतो. पेटी त्याच्या हाती देण्यापूर्वी ती एकदा दिव्याखाली उघडून पाहावी, एवढीच आमची वाचकांस विनंती आहे. बसऱ्याच्या दगडावरील आकड्यांपैकी एखाद्यास त्याचे नाव कदाचित तुमच्याच घरातून मिळेल.