निवडुंग लावा, पण आधी कुळ ओळखा



माण, खटाव, आटपाडी किंवा जत भागात राहणाऱ्याला निवडुंगाची ओळख करून देण्याची गरज नाही. बांधावर शेर, गावकुसाला फड्या निवडुंग, माळावर घायपात आणि परसात कोरफड हे चित्र आपण लहानपणापासून पाहतो. आता हीच आणि यांच्यासारखी परदेशी झाडे कुंडीत लावण्याचा छंद खेडोपाडीही पोहोचला आहे. मात्र हौसेने आणलेली बरीच झाडे पहिल्याच पावसाळ्यात बुंध्यापासून कुजतात. काटा दिसला की निवडुंग आणि निवडुंग म्हटला की एकच निगा, हे त्याचे मोठे कारण आहे. म्हणून कुंडी भरण्यापूर्वी झाडाचे कुळ ओळखायला शिका.

कुळ कसे ओळखाल?

१) खरा निवडुंग म्हणजे कॅक्टस : काटे जेथून निघतात तेथे लहानशी लवदार उशी असते. फड्या निवडुंग आणि ड्रॅगन फ्रूट या कुळातील आहेत. या कुळातील जवळजवळ सर्व जाती मूळच्या अमेरिका खंडातील आहेत.

२) शेराचे कुळ : शेर, त्रिधारी निवडुंग व त्यांचे सोबती यात येतात. खोडाला चीर पडताच पांढरा चीक येतो. काटे असले तरी त्यांच्याखाली लवदार उशी नसते. त्रिधारीला आपण निवडुंग म्हणतो, पण कॅक्टसशी त्याचे नाते नाही.

३) पानात पाणी साठवणारी झाडे : कोरफड, घायपात आणि पानफुटी या गटात येतात. हा गट दिसण्यावरून केलेला आहे. त्यात अनेक कुळे आहेत.

४) रुईच्या कुळातील रानझाडे : माकडशिंग आणि खरपुडी म्हणजेच कंदीलपुष्प ही आपल्या डोंगरमाळावरील मूळ झाडे आहेत.

किड्याने शिकविलेला धडा

जात ओळखण्याचे महत्त्व इतिहासातही दिसते. १७९५ साली तांबडा रंग देणारा कोचिनील किडा समजून ब्राझीलमधून भारतात एक किडा आणला गेला. तो भलत्याच जातीचा निघाला व रंगाचा धंदा काही जमला नाही. पण माजलेल्या एका जातीच्या निवडुंगाचा त्याने फडशा पाडला. दुसऱ्या जातीच्या फड्या निवडुंगावर मात्र तो चालेना. त्यासाठी १९२६ मध्ये श्रीलंकेतून कोचिनीलची वेगळी जात आणावी लागली. आपल्याला दोन्ही झाडे सारखीच दिसतात, पण किड्याने त्यांतील फरक बरोबर ओळखला.

यातून आणखी एक बोध घ्या. फड्या निवडुंगाचा तोडलेला तुकडा पडेल तेथे मूळ धरतो. छाटलेले तुकडे गायरानात किंवा ओढ्यात टाकू नका. ते पूर्ण वाळवून नष्ट करा.

माती आणि पाणी

आपली काळी कसदार माती उसाला चांगली, पण या कुंडीला नको. ती पाणी धरून ठेवते आणि मुळे गुदमरतात. एक भाग तांबडी माती, दोन भाग भरड वाळू किंवा विटांचा चुरा आणि एक भाग पूर्ण कुजलेले पानखत असे मिश्रण करा. कुंडीच्या तळाला भोक असलेच पाहिजे. झाडाच्या मानाने फार मोठी कुंडी घेऊ नका.

माती आतपर्यंत सुकल्याशिवाय पाणी देऊ नका. द्याल तेव्हा तळातून निथळेपर्यंत द्या. थंडीत पाण्याच्या पाळ्या लांबवा. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, तर पूर्वेकडील दुष्काळी तालुक्यांत त्याचा दहावा हिस्साही कसाबसा पडतो. म्हणून जावळी, पाटण, शिराळा भागात पावसाळ्यात कुंड्यांवर पारदर्शक प्लॅस्टिकचे छत करा. बाजू उघड्या ठेवा, हवा खेळली पाहिजे. पूर्व भागात एप्रिल-मे महिन्यांत दुपारच्या उन्हासाठी शेडनेट बांधा.

अभिवृद्धी

छाट लावताना सर्वांत मोठी चूक घाईची होते. निरोगी कांडी धारदार, स्वच्छ चाकूने कापा आणि सावलीत आठ-दहा दिवस ठेवा. जखमेवर कोरडी खपली धरली की मगच लावा. ओली जखम मातीत गेली की कुजलीच म्हणून समजा. कोरफड व घायपात बुंध्याशी आलेल्या पिलांपासून वाढवा. पानफुटीचे पानही पुरते.

शेर किंवा त्रिधारी कापताना हातमोजे व चष्मा वापरा. कापलेला भाग पाण्यात बुडवला की चीक थांबतो. हा चीक डोळ्यात गेल्यास भयंकर आग होते आणि काही काळ दिसेनासेही होऊ शकते. अशा वेळी डोळा चोळू नका. स्वच्छ पाण्याने बराच वेळ धुवा आणि तातडीने डॉक्टरांकडे जा. मुलांना या कामापासून दूर ठेवा.

कलम

तासगाव-पलूसच्या द्राक्षबागायतदारांना डॉगरीज खुंटावर कलम करणे नवीन नाही. कॅक्टसचे कलमही त्याच तत्त्वावर चालते. रोपवाटिकेत हिरव्या दांड्यावर लाल किंवा पिवळा गोळा असलेले झाड मिळते. त्या गोळ्यात हरितद्रव्य जवळजवळ नसते, म्हणून तो खुंटाच्या जिवावर जगतो. हा तिधारी खुंट बहुधा ड्रॅगन फ्रूटच्या जातीचा असतो.

ड्रॅगन फ्रूटची बाग असल्यास छाटणीतील डाग नसलेल्या निरोगी कांड्या खुंट म्हणून वापरता येतात. आधी त्यांना मुळे फुटू द्या. नंतर उन्हाळ्यात, कोरड्या हवेत, खुंट आणि कलमकाडी आडवी कापा. कापलेल्या भागात मध्यभागी गोल कडे दिसते. दोन्हींची कडी एकमेकांना टेकली पाहिजेत, नाहीतर सांधा जुळत नाही. वरून रबर लावून आठ-दहा दिवस सावलीत ठेवा आणि सांध्यावर पाणी पडू देऊ नका.

येथेच कुळ ओळखण्याचा खरा उपयोग होतो. त्रिधारी दिसायला ड्रॅगन फ्रूटच्या खुंटासारखा असला, तरी त्यावर कॅक्टसचे कलम कधीच धरत नाही. कुळ वेगळे असेल तर हातात कितीही कसब असले तरी मेहनत वाया जाते.

पिठ्या ढेकूण

पांढरा कापूस चिकटल्यासारखा दिसला तर तो पिठ्या ढेकूण समजा. ते झाड लगेच वेगळे करा. स्पिरिटमध्ये बुडविलेल्या कापसाच्या बोळ्याने कीड पुसून काढा. काही कारण नसताना झाड खुंटले तर कुंडीतून काढून मुळे तपासा. मुळांवरही ही कीड राहते.

रानातील झाड रानात राहू द्या

छंद वाढला की कास पठाराकडे किंवा जवळच्या सड्याकडे नजर जाते. कासचा २०१२ मध्ये जागतिक वारसा यादीत समावेश झाला. कंदीलपुष्पांच्या काही जाती अगदी थोड्या जागी उरल्या आहेत. पावसाळा संपला की यांचा वेल वाळतो आणि कंद जमिनीत विश्रांती घेतो. हे न कळल्याने कुंडीत भर उन्हाळ्यात पाणी घालून कंद कुजविला जातो. म्हणजे झाड रानातूनही जाते आणि घरातही राहत नाही. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाने आपल्या वनस्पती उद्यानात कंदीलपुष्पांच्या जतनाचे काम केले आहे. आपण निदान ती उपटू नयेत. रोप घेताना ते रोपवाटिकेत वाढविलेले आहे का, हे विचारून घ्या.

सुरुवात चार-पाच कुंड्यांनीच करा. प्रत्येक कुंडीला झाडाचे नाव, कुळ आणि लावल्याची तारीख लिहिलेली पट्टी लावा. पुढे रोपे विकायची झाल्यास ही पट्टीच गिऱ्हाइकाचा विश्वास मिळवून देईल. तोपर्यंत, पाणी केव्हा द्यायचे आणि हात केव्हा आवरायचा, हे तुम्हाला तीच सांगेल.