सूडाची १५ वर्षे : कोरियन थरारपट आणि ‘बदलापूर’

कोरियन थरारपटांतील हिंसा केवळ रक्तपात म्हणून पाहिली, तर तिचे मर्म हाती लागत नाही. या हिंसेच्या मुळाशी ध्यास असतो, आणि त्या ध्यासाला काळाचे एक विशिष्ट परिमाण असते. पार्क चान-वूक यांच्या ‘ओल्डबॉय’ (२००३) मधील नायक १५ वर्षे एका खोलीत कोंडला जातो. सुटल्यावर तो शत्रूचा माग काढतो. मात्र आपण दुसऱ्याच्याच सूडाचे सावज आहोत, हे त्याला फार उशिरा उमगते. किम जी-वून यांच्या ‘आय सॉ द डेव्हिल’ (२०१०) मधील नायक वाग्दत्त वधूच्या मारेकऱ्याला पकडतो, जखमी करून सोडतो, पुन्हा पकडतो. या खेळाची किंमत वधूच्या घरच्यांनाच मोजावी लागते.

१५ वर्षे ही मुदत कोरियन समाजाला अपरिचित नव्हती. तेथे खुनाचा खटला भरण्याची कालमर्यादा २००७ पर्यंत १५ वर्षांचीच होती. बोंग जून-हो यांचा ‘मेमरीज ऑफ मर्डर’ (२००३) ज्या ह्वासंग हत्याकांडावर (१९८६–९१) आधारलेला आहे, त्याची मुदत २००६ मध्ये संपली. २०१९ मध्ये गुन्हेगाराची ओळख पटली, परंतु त्या खुनांबद्दल त्याच्यावर खटला चालविता आला नाही. कायद्याने हात टेकले तरी ध्यास थांबत नाही, ही जाणीव या चित्रपटांच्या तळाशी आहे.

श्रीराम राघवन यांच्या ‘बदलापूर’ (२०१५) मध्येही १५ वर्षे आहेत; परंतु येथे कायदा हरलेला नाही. पुण्यातील बँक दरोड्यानंतर रघूची पत्नी व मुलगा मारले जातात. लायक तुरुंगात जातो. रघू बदलापूरला येऊन एकाकी राहतो आणि निसटलेल्या साथीदाराची वाट पाहतो. इटालियन लेखक मास्सिमो कार्लोत्तो यांच्या कादंबरीवरील या कथेला मध्य रेल्वेवरील हे गाव मिळाले, ते नावातील श्लेषामुळे. (घोडे बदलण्याचे ठिकाण म्हणून बदलापूर, अशी लोकव्युत्पत्ती आहे, तिचा संबंध सूडाशी नव्हे, बदलाशी आहे.)

रघू साथीदार हरमनला व त्याच्या पत्नीला ठार करतो. प्रत्यक्षात गोळी लायकने झाडलेली असते. अखेरीस कर्करोगाने मरणोन्मुख झालेला लायक हे दोन्ही खून स्वतःवर घेतो आणि रघू मोकळा राहतो. कोरियन नायकाला निदान आपला विनाश दिसतो. रघूच्या वाट्याला मात्र शिक्षाही येत नाही.