हळद, कॅन्सर आणि पाव किलोचा हिशेब

खानदेशी खिचडीचा पिवळेपणा हळदीतल्या करक्युमिनमुळे असतो. हळदीच्या पावडरीत ते साधारण 3 टक्के. कॅन्सरच्या पेशींत ‘एनएफ-कप्पा-बी’ हे प्रथिन अनेकदा सतत चालू असतं आणि ‘वाढा, मरू नका’ असा हुकूम जनुकांना देत राहतं. प्रयोगशाळेतल्या बशीत करक्युमिन टाकलं, की हा हुकूम दबतो; पेशींचं विभाजन मंदावतं, काही पेशी स्वतःच मरतात. इथवर सगळं खरं.

अडचण पोटात सुरू होते. करक्युमिन पाण्यात जेमतेम विरघळतं. जे शोषलं जातं, त्याचं रूप आतडं आणि यकृत लगेच बदलतात आणि शरीर ते बाहेर टाकतं. ह्यूस्टनच्या एम. डी. अँडरसन केंद्राने 2008 मध्ये स्वादुपिंडाच्या कॅन्सरवरची चाचणी प्रसिद्ध केली. रोज 8 ग्रॅम करक्युमिन, म्हणजे जवळपास पाव किलो हळदीतलं! तरी रक्तात ते नाममात्रच उतरलं आणि तपासता आलेल्या 21 रुग्णांपैकी दोघांतच परिणाम दिसला. मिरीतलं पायपेरिन शोषण वाढवतं हे खरं, पण तेवढ्याने औषध होत नाही.

म्हणून जळगाव-धुळ्यात तंबाखू, गुटखा खाणाऱ्यांनी तोंडाच्या कॅन्सरपासून वाचण्यासाठी हळदीच्या दुधावर विसंबू नये. केमोथेरपी चालू असेल, तर करक्युमिनच्या कॅप्सूल डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका. आणि तोंडातली जखम किंवा पांढरा चट्टा दोन-तीन आठवड्यांत गेला नाही, तर लगेच तपासून घ्या.