आतडं रुसतं तेव्हा...

मुलांनो, तुमच्या वर्गात असं कुणी आहे का? तास चालू असताना सारखं ‘बाई, जाऊ का?’ विचारतं, डबा अर्धाच खातं आणि वर्षभरात उंचीही फारशी वाढलेली नसते. आपण हसतो. पण थांबा!

पोट बिघडण्याची कारणं बहुधा साधी असतात. अस्वच्छ पाणी, जंत, उघड्यावरचं खाणं. मात्र आठवडेच्या आठवडे जुलाब, शौचातून रक्त, पोटात कळा आणि घटतं वजन असेल, तर तो आतड्याचा जुनाट दाह असू शकतो. डॉक्टर त्याला ‘आय.बी.डी.’ म्हणतात.

आपल्या शरीरात जंतूंशी लढणारी फौज असते ना? या आजारात ती चुकून आपल्याच आतड्यावर चाल करून जाते. आतून सूज येते, जखमा होतात. फक्त मोठ्या आतड्यात हे घडलं, तर तो ‘अल्सरेटिव्ह कोलायटिस’. तोंडापासून गुदद्वारापर्यंत कुठेही घडू शकतो, तो ‘क्रोन्स’. न्यूयॉर्कच्या डॉ. क्रोन यांनी दोन सहकाऱ्यांसह १९३२ साली त्याचं वर्णन प्रसिद्ध केलं, म्हणून हे नाव. शेजारी बसल्यानं हा आजार होत नाही, बरं का!

आता आपल्या ताटाकडे येऊ. आपल्या संगमनेरात दूध, डाळिंबं, टोमॅटो, बाजरी यांना तोटा नाही. पण घरात असा आजारी असला, की सल्ले सुरू होतात. ‘दूध तोडा’, ‘गहू सोडा’, ‘नुसत्या ताकावर राहा’. यात खरं किती?

खाण्यानं फरक पडतो, हे खरं. क्रोन्स झालेल्या मुलांना डॉक्टर कधीकधी सहा ते आठ आठवडे फक्त खास बनवलेलं पातळ पोषणद्रव्य देतात. दुसरं काही नाही! त्यानं पुष्कळ मुलांचा दाह शमतो. पण हे डॉक्टरांच्या देखरेखीखालीच करायचं असतं, आणि कोलायटिसला तो उपाय लागू पडत नाही.

मोठ्यांसाठीही प्रयोग झाले. २०२१ साली अमेरिकेत क्रोन्सच्या रुग्णांवर दोन आहारांची तुलना झाली. एक फारच कडक पथ्याचा, दुसरा भाज्या, फळं, डाळी, मासे आणि ऑलिव्हचं तेल असलेला साधा. सहा आठवड्यांनी दोन्ही गटांत निम्म्याहून थोड्या कमी लोकांना बरं वाटलं. म्हणजे कडक पथ्यानं जास्तीचं काही मिळालं नाही!

मग करायचं काय? दुखणं उसळलं, की मऊ भात, मुगाची पातळ खिचडी, शिजवून मऊ केलेला दुध्या असं हलकं खायचं. ठेचा, कच्ची कोशिंबीर, डाळिंबाचे दाणे तेवढे दिवस बाजूला. दुखणं निवलं, की भाकरी, उसळ, फळं हळूहळू परत. आतडं अरुंद झालं असेल, तर मात्र डॉक्टरांना विचारूनच. दूध कुणाला सोसत नाही, पण दही-ताक चालतं. काय खाल्लं नि काय झालं, हे वहीत लिहून ठेवलं, की आपलं आपल्यालाच कळतं.

पालकहो, एक लक्षात ठेवा. वाढत्या मुलाचं ताट एकेक पदार्थ काढून रिकामं केलं, तर आजाराआधी उपासमारच त्याला खाईल. औषध तर परस्पर कधीच बंद करू नका. जपानचे पंतप्रधान शिंझो आबे यांना किशोरवयापासून कोलायटिस होता. त्यामुळे २००७ साली त्यांनी पद सोडलं. पुढे नव्या औषधानं आराम पडला आणि २०१२ साली ते पुन्हा पंतप्रधान झाले. २०२० मध्ये दुखणं उलटलं आणि त्यांना पुन्हा पायउतार व्हावं लागलं. आजार असा लपाछपी खेळतो. शिवाय आतड्याचा क्षयही क्रोन्ससारखाच दिसतो, म्हणून नीट तपासणी हवीच.

आणि मुलांनो, तुमचंही एक काम आहे. तो मित्र किंवा मैत्रीण वर्गातून उठली, तर हसू नका. बुडालेल्या तासाची वही द्या. डब्यातलं नको म्हटलं, तर आग्रह करू नका. हे पथ्य मात्र आपण सगळ्यांनी पाळायचं!