मोटारीची गाळणी



मराठीच्या प्राध्यापकाने मोटारीच्या फ्युएल फिल्टरविषयी बोलावे, याचे काहींना नवल वाटेल. परंतु माझी कार्ब्युरेटरची जुनी मारुती ८०० मी स्वतः सांभाळतो. आणि जिथे क्रम चुकला तर आग लागू शकते, अशी कृती कारणांसह नेमकी सांगणे हे भाषेचेच काम आहे, असे मी मानतो.

फिल्टर म्हणजे आपली गाळणी. दुकानात मात्र फिल्टरच मागावा. टाकीतील गंज आणि धूळ कार्ब्युरेटरच्या बारीक छिद्रांत जाऊ नये, म्हणून ती इंधनाच्या नळीत बसवलेली असते. ती तुंबली की सपाट रस्त्यावर बरी चालणारी गाडी चोर्ला घाटात दम टाकते. कारण चढावर इंजिनाला इंधन अधिक लागते.

गाडी उघड्या, सपाट जागी उभी करावी आणि इंजिन पूर्ण थंड होऊ द्यावे. पेट्रोल उणे ४० अंश सेल्सिअसच्या सुमारासही पेट घेण्याजोगी वाफ सोडते. ही वाफ हवेहून जड असल्याने जमिनीलगत पसरते. म्हणून जवळपास देवघरातील समईदेखील तेवत नसावी. नंतर बॅटरीची ऋण बाजूची तार आधी सोडवावी. धन बाजूची आधी सोडवताना पाना गाडीच्या पत्र्याला लागला, तर ठिणगी उडते.

टाकीचे झाकण उघडून आतला दाब जाऊ द्यावा. गाळणीखाली पत्र्याचे भांडे ठेवून क्लिपा सैल कराव्यात आणि नळ्या हलकेच फिरवून काढाव्यात. नव्या गाळणीवरील बाण प्रवाहाची दिशा दाखवतो. त्याचे टोक इंजिनाकडेच हवे. नळीला चिरा असतील तर तीही बदलावी. पेट्रोलमधील इथेनॉलचे प्रमाण २०२५ पर्यंत २० टक्क्यांवर गेले आहे, आणि जुन्या रबराला ते मानवत नाही. शेवटी टाकीचे झाकण लावून, सांडलेले पेट्रोल पुसून व वाफ विरू देऊन मगच बॅटरी जोडावी. इंजिन सुरू करून प्रत्येक सांधा कोरडा आहे ना, हे पाहावे. भांड्यातील पेट्रोल गटारात ओतू नये.

इंजेक्शनच्या गाड्यांत नळीतील दाब बहुधा ३ बारच्या आसपास असतो. तिथे बॅटरी सोडवण्याआधी पंपाचा फ्यूज काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवावे लागते. एरवी नळी सुटताच पेट्रोलची चिळकांडी उडते. अनेक नव्या गाड्यांत तर गाळणी टाकीतच, पंपासोबत असते. ते काम कारागिरावर सोपवावे. आपल्या हाताची मर्यादा ओळखणे हाही कौशल्याचाच भाग आहे.

कृती पाठ केली तर विसरते; कारण समजले तर क्रम आपोआप आठवतो.