उखळात बसलेली म्हातारी

आमच्या घरी एक पातळ, मोठ्या आकाराचं पुस्तक होतं. एसटी स्टँडजवळ रशियन पुस्तकांचं प्रदर्शन भरायचं, तिथून मामूंनी ते आणलं होतं. १९८०च्या आसपासची गोष्ट. मजकूर इंग्रजीत. मला तो वाचता येत नव्हता आणि नानीला तर कुठल्याच भाषेतलं अक्षर येत नव्हतं. तेव्हा आम्ही दोघांनी मिळून चित्रं वाचली.

रेडिओवर चित्र दाखवता येत नाही. आपणच ते डोळ्यांसमोर आणा. दाट जंगल. विस्कटलेल्या केसांची एक हाडकुळी म्हातारी चक्क उखळात बसून जमिनीवरून तरंगत निघालेली. एका हातात मुसळ, दुसऱ्या हातात केरसुणी. खाली लालभडक, पांढऱ्या ठिपक्यांच्या अळंब्या. "देख रे, बुढिया उखली में बैठको निकली," नानी म्हणाली. मी विचारलं, केरसुणी कशाला? ती म्हणाली, "पीछे के निशान मिटाने को."

पुढे कॉलेजात असताना मी ती गोष्ट वाचली. म्हातारीचं नाव बाबा यागा. (आपल्याला 'बाबा' म्हटलं की बाप किंवा फकीर आठवतो, रशियनमध्ये तो शब्द बाईमाणसाचा.) मुसळानं ती उखळ हाकते आणि केरसुणीनं आपला माग पुसत जाते. नानीचा अंदाज अगदी बरोबर होता. अक्षर न वाचता तिला हे कळलं कसं, या कुतूहलापोटी मी त्या चित्रकाराच्या मागे लागलो.

त्याचं नाव इवान बिलिबिन. जन्म १८७६चा, सेंट पीटर्सबर्गजवळचा. १८९९मध्ये तो त्वेर प्रांतातल्या येग्नी नावाच्या खेड्यात राहून आला. तिथली जंगलं, लाकडी घरं मनात घेऊन त्यानं लोककथांची चित्रं काढायला घेतली. कथा बहुतेक अफानास्येव यांच्या संग्रहातल्या. १९०१ ते १९०३ या काळात अशा सहा पुस्तिका निघाल्या. प्रत्येकीची पानं जेमतेम डझनभर.

त्या छापल्या कोणी, हे कळलं तेव्हा मला गंमत वाटली. झारच्या सरकारचं सरकारी कागदपत्रं छापणारं खातं होतं, त्यानं. म्हणजे जिथं नोटा आणि तिकिटं छापली जात, तिथंच ही चेटकीण छापली गेली! नोट छापणाऱ्याला धूसर रेघ परवडत नाही. बिलिबिनची चित्रंही तशीच. आधी काळ्या शाईची ठाम, न थरथरणारी रेघ. मग त्या रेघांच्या कुंपणात सपाट, न मिसळलेले रंग. दगडी छपाईत एकेका रंगाचा वेगळा ठसा घ्यावा लागे. रंग असे वेगवेगळे राहिले की छापणाऱ्याचं काम सोपं होई आणि चित्राचा जोरही टिकून राही. मित्र त्याला फौलादी हाताचा इवान म्हणत.

या रेघेमुळेच नानीला चित्र वाचता आलं, असं मला वाटतं. धुक्यात बुडवलेली, मऊ मऊ परीकथेची चित्रं मी पुढे पुष्कळ पाहिली, सुंदरही असतात. पण त्यांत उखळ हे उखळ आहे की मडकं, हे आधी कोणीतरी सांगावं लागतं.

आणि चौकटी! बिलिबिन चित्राभोवती जाडसर नक्षीची चौकट काढतो. ती नुसती शोभेची नसते. चौकटीतली पानं, फुलं, पाखरं मधल्या गोष्टीशी नातं सांगत असतात. १९०२ ते १९०४मध्ये तो उत्तरेकडच्या वोलोग्दा, अर्खांगेल्स्क या भागांत फिरला. जुनं भरतकाम, लाकडावरचं कोरीवकाम त्यानं संग्रहालयासाठी गोळा केलं, लाकडी चर्चचे फोटो काढले. तिथल्या बायकांच्या सुईतली नक्षी मग चित्रांत आली. सिरीन आणि अल्कोनोस्त हे बाईच्या चेहऱ्याचे स्वर्गीय पक्षीही त्यानं काढले. ते पाहून मला आमच्या गावच्या फ्रेमवाल्याकडे टांगलेला बुराक आठवला. तोच मुकुट, तेच शांत डोळे.

हा माणूस गोष्टींत रमून जगाकडे पाठ फिरवणारा मात्र नव्हता. १९०६मध्ये 'झुपेल' या नियतकालिकात त्यानं राजचिन्हांच्या थाटामाटात एक गाढव काढलं. अंक बंद पडला, त्यालाही अटक झाली. पण पुश्किनच्या 'सोन्याचा कोंबडा'मधल्या आळशी झारची त्याची चित्रं नंतर पुन्हा त्याच सरकारी छापखान्यानं छापली! १९१७च्या हंगामी सरकारसाठी त्यानं दुतोंडी गरुड काढला. तो १९९२नंतर बरीच वर्षं रशियाच्या नाण्यांवर होता. नोटांच्या छापखान्यातला चित्रकार शेवटी असा पैशावर आला.

१९२०मध्ये तो देश सोडून इजिप्तला गेला, तिथून १९२५मध्ये पॅरिसला. १९३६मध्ये परतला आणि लेनिनग्राडच्या कला अकादमीत शिकवू लागला. १९४१च्या सप्टेंबरात जर्मन फौजांनी शहराला वेढा घातला. बिलिबिन शहर सोडून गेला नाही. अकादमीच्या तळघरात राहून जुन्या वीरगाथांची चित्रं काढत राहिला. पाव तोलून मिळत होता, मग तोही कमी होत गेला. ७ फेब्रुवारी १९४२ रोजी, त्या उपासमारीच्या हिवाळ्यात, तो गेला. अकादमीच्या इतर प्राध्यापकांबरोबर एकाच खड्ड्यात त्याला पुरलं.

नानीला हे सांगायचं राहून गेलं. ते पुस्तक मात्र अजून आहे. बाबा यागाच्या पानाला एका कोपऱ्यात हळदीच्या बोटाचा ठसा आहे, तिथली अळंबी पिवळी दिसते.