जुनी फायबर बोट : अंग मजबूत, पण सांधे सांभाळा

29 एप्रिल 2023 रोजी भारतीय नौदलाचे निवृत्त अधिकारी अभिलाष टॉमी आपली 'बायानात' ही छोटी शिडाची बोट घेऊन फ्रान्सच्या ले साब्ल-दोलोन बंदरात परतले. एकट्याने, कुठल्याही बंदराला न लागता, 236 दिवसांत त्यांनी पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण केली होती. गोल्डन ग्लोब शर्यतीत त्यांचा दुसरा क्रमांक आला.

या शर्यतीचा एक गमतीशीर नियम आहे. इथे नव्या, आधुनिक बोटी चालत नाहीत. बोट 32 ते 36 फूट लांबीची आणि तिचे डिझाइन 1988 च्या आधीचे असावे लागते. म्हणजे आपल्याकडे घरोघरी टेलिफोन पोहोचण्याआधीच्या काळातले डिझाइन! तरीही अशा बोटी जगातल्या सर्वांत खवळलेल्या समुद्रातून पार होतात.

मग प्रश्न पडतो, फायबरची शिडाची बोट नेमकी म्हातारी कधी होते? आणि तिला धडधाकट ठेवायचे कसे?

बिघाड होतो तरी कुठे?

उत्तर या शर्यतींतच सापडते. 2022 ची शर्यत सुरू होण्याच्या काही आठवडे आधी 'बायानात'ला एका मालवाहू जहाजाची धडक बसली आणि तिच्या पुढच्या भागाचे नुकसान झाले. ते दुरुस्त करून बोट वेळेत शर्यतीला उभी राहिली. पण पुढे भर समुद्रात टॉमी यांना खरा त्रास दिला तो वाऱ्याच्या दिशेने बोट आपोआप वळवणाऱ्या यंत्रणेने. तिचे भाग तुटत गेले आणि बदली भाग बनवण्यासाठी त्यांनी चक्क शौचालयाचे दार वापरले.

त्याआधीच्या, म्हणजे 2018 च्या शर्यतीतले विजेते जाँ-लुक व्हान डेन हीड यांची बोटही 'बायानात'सारखीच, रस्टलर 36 प्रकारची होती. दक्षिण प्रशांत महासागरात प्रचंड लाटेने ती उलथली. बोटीचे अंग शाबूत राहिले, पण डोलकाठीला आधार देणाऱ्या तारा जिथे बोल्टने जोडल्या होत्या ती जागा सरकली आणि तारा सैल पडल्या. त्यांनी पुन्हा पुन्हा डोलकाठीवर चढून जोडणी बांधून घेतली आणि 73 व्या वर्षी शर्यत जिंकली.

आपल्या 'तारिणी'चेही तेच. गोव्यात बांधलेली, लाकडी गाभ्यावर फायबरग्लास चढवलेली ही नौदलाची बोट 2017-18 मध्ये सहा महिला अधिकाऱ्यांनी जगाभोवती नेली. परतीच्या वाटेवर सुकाणूच्या यंत्रणेत बिघाड झाल्यामुळे त्यांना मॉरिशसला थांबावे लागले. पुढे 2 ऑक्टोबर 2024 ते 29 मे 2025 या काळात दिलना के. आणि रूपा ए. या दोन अधिकाऱ्यांनी हीच 'तारिणी' पुन्हा पृथ्वीभोवती फिरवून आणली.

तिन्ही ठिकाणी भर समुद्रात अडचण आली ती जोडलेल्या, हलत्या भागांत. माणसाचे वय जसे गुडघ्यांत कळते, तसे फायबर बोटीचे वय तिच्या सांध्यांत कळते. म्हणून जुन्या बोटीची देखभाल म्हणजे मुख्यतः सांध्यांची देखभाल.

फायबर इतके का टिकते?

फायबरग्लास म्हणजे काचेच्या बारीक धाग्यांचे कापड आणि त्याला घट्ट धरून ठेवणारे रेझिन. बाहेरून जेलकोट नावाचा गुळगुळीत, रंगीत थर असतो. 1960 च्या दशकात अशा बोटी मोठ्या संख्येने बनू लागल्या. फायबर गंजत नाही, कुजत नाही आणि लाकूड पोखरणारे समुद्री किडे त्याचे काही बिघडवू शकत नाहीत. कोकणात मच्छीमार बांधवांच्या फायबर होड्या किंवा तलावातल्या पॅडल बोटी तुम्ही पाहिल्या असतील. सामान तेच.

उन्हाने जेलकोट फिका पडतो, हात लावला तर खडूसारखी भुकटी लागते. हे दिसायला वाईट, पण पॉलिश आणि मेणाने बरेचसे सुधारते. खरा शत्रू आहे आत शिरणारे पाणी.

आधी वाजवून पाहा

बाजारात मडके घेताना आपण बोटाने वाजवून बघतो. खणखणीत वाजले तर चांगले, बद्द वाजले तर तडा गेलेले. जुन्या बोटीची तपासणीही अशीच सुरू होते. एक नाणे किंवा छोटी प्लास्टिकची हातोडी घ्या आणि बोटीच्या अंगावर, डेकवर थोड्या थोड्या अंतरावर हलके वाजवत जा.

• स्वच्छ, टणक आवाज आला तर थर एकमेकांना चिकटलेले आहेत.
• आवाज बद्द झाला तर आत थर सुटले असावेत किंवा गाभा ओला झाला असावा.
• अशा जागेभोवती खडूने खूण करा. खुणा जोडल्या की दुखणे किती पसरले आहे याचा नकाशाच तयार होतो.

डेकवर अनवाणी चालून पाहणे हीसुद्धा उत्तम तपासणी आहे. पायाखाली जमीन दबल्यासारखी वाटली तर तिथे नक्की काहीतरी गडबड आहे.

एका स्क्रूची मोठी किंमत

बहुतेक बोटींचे डेक सँडविचसारखे असते. वर-खाली फायबरचे पातळ थर आणि मध्ये बाल्सा नावाचे हलके लाकूड किंवा प्लायवुड. त्यामुळे डेक हलके आणि ताठ राहते. पण रेलिंग, हुक, कप्पी बसवायला त्यात भोक पाडले आणि ते नीट बंद केले नाही, तर तिथून थेंब थेंब पाणी मधल्या लाकडात जाते. वरून काहीच दिसत नाही आणि आत लाकूड कुजत राहते.

कुजलेला भाग बदलायचा तर वरचा थर कापून काढा, ओले लाकूड खरवडून टाका, जागा पूर्ण वाळवा, नवा गाभा इपॉक्सीने चिकटवा आणि वर पुन्हा फायबर चढवा. काम कठीण नाही, पण कंबर मोडणारे आहे. टाळण्याचा उपाय त्यामानाने अगदी सोपा :

1. जुना स्क्रू काढून भोक थोडे मोठे करा.
2. आजूबाजूचे लाकूड थोडे कोरून काढा.
3. ती पोकळी घट्ट केलेल्या इपॉक्सीने भरा.
4. वाळल्यावर त्या इपॉक्सीतच नवे भोक पाडा आणि सीलंट लावून वस्तू बसवा.

आता पाणी शिरले तरी लाकडापर्यंत पोहोचणार नाही. दर वर्षी डेकवरच्या चार-पाच वस्तू अशा काढून बसवल्या, तर काही वर्षांत पूर्ण डेक सुरक्षित होते.

बुडाला फोड आले तर?

वर्षानुवर्षे पाण्यात राहिलेल्या बोटीच्या बुडाला कधी कधी छोटे फोड येतात. जेलकोटमधून पाणी हळूहळू आत झिरपते, तिथल्या उरलेल्या रसायनांशी त्याची क्रिया होते आणि दाब वाढून फोड येतो. तो फोडला तर आंबट, व्हिनेगरसारखा वास येणारा द्रव बाहेर पडतो. फोडताना डोळ्यांवर चष्मा हवाच.

दहा-वीस फोड दिसले म्हणजे बोट संपली असे नाही. ते उघडा, गोड्या पाण्याने पुन्हा पुन्हा धुवा आणि पूर्ण वाळू द्या. या वाळण्यालाच सर्वाधिक वेळ लागतो, कधी आठवडे तर कधी महिने. घाई करून ओल्यावरच भरले तर फोड परत येतात. नंतर इपॉक्सी पुट्टीने भरून वरून इपॉक्सीचे थर द्या. संपूर्ण बूड फोडांनी भरले असेल तर मात्र अनुभवी सर्व्हेअरला दाखवा.

तडा भरण्याची योग्य रीत

तड्यावर नुसती पुट्टी चोपडणे म्हणजे फाटलेल्या कपड्यावर गोंदाने कापड चिकटवणे. जोड टिकायचा असेल तर त्याला पसरट जागा हवी.

• सगळ्यात आधी जागा सॉल्व्हंटने पुसा. आधीच घासले तर वरचे मेण आणि तेल आत घुसते.
• तड्याच्या दोन्ही बाजूंनी उतार घासा. साधारण प्रमाण एकास बारा, म्हणजे फायबर 6 मिलिमीटर जाड असेल तर उतार सुमारे 72 मिलिमीटर लांब.
• काचेच्या कापडाचे तुकडे लहान-मोठ्या मापात कापा आणि रेझिनमध्ये भिजवून एकावर एक बसवा. रोलर फिरवून हवेचे बुडबुडे काढा.
• इपॉक्सी आणि हार्डनरचे प्रमाण कंपनीने सांगितले तेच ठेवा. लवकर वाळावे म्हणून हार्डनर वाढवला तर मिश्रण कच्चे राहते.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवा. जुन्या पॉलिएस्टर फायबरवर इपॉक्सी छान चिकटते, पण इपॉक्सीवर नेहमीचा जेलकोट सहसा नीट धरत नाही. म्हणून इपॉक्सीने दुरुस्त केलेल्या जागेवर रंग देणे सोयीचे.

तारा आणि पट्ट्या

डोलकाठी उभी राहते ती स्टीलच्या तारांवर. या तारा बोटीला जिथे पकडतात तिथे धातूच्या पट्ट्या असतात, त्यांना चेनप्लेट म्हणतात. स्टेनलेस स्टील गंजत नाही असे आपण धरून चालतो. पण डेकच्या आत, हवा न लागणाऱ्या ओल्या फटीत तेही आतून खात जाते. बाहेर चकचकीत आणि आत तडा! म्हणून जुनी बोट घेतल्यावर निदान एकदा चेनप्लेट बाहेर काढून पाहा.

तारेवरून कापसाचा बोळा किंवा टिश्यू फिरवा. कुठे धागा अडकला तर तिथली एक तार तुटली आहे. हाताने तपासू नका, बोट फाटेल. तारा साधारण 10 ते 15 वर्षांनी बदलाव्यात असे जाणकार सांगतात. डोलकाठी कोसळली तर नुकसान पैशांपुरते राहत नाही, जिवावर बेतते. म्हणून बजेट कमी असेल तर रंगाचे काम पुढे ढकला, तारांचे नाही.

पाण्याखालची भोके

इंजिनला थंड करणारे पाणी आत घ्यायला, सिंकचे पाणी बाहेर सोडायला बोटीच्या बुडात भोके असतात. त्यांच्यावर सीकॉक नावाचे नळ असतात. ते महिन्यातून एकदा उघड-बंद करा, म्हणजे अडकणार नाहीत. पितळी नळ खाऱ्या पाण्यात आतून कमजोर होतो आणि गुलाबीसर दिसू लागतो. असा रंग दिसला की नळ बदला. ब्राँझचा नळ जास्त भरवशाचा. पाइपवर एकाऐवजी दोन क्लिप लावा आणि प्रत्येक नळाजवळ त्या मापाची लाकडी बुचे दोरीने बांधून ठेवा. नळ तुटला तर तेच बूच बोट वाचवते.

बुडाला लावलेला जस्ताचा तुकडा स्वतः झिजून बाकी धातू वाचवतो. तो अर्धा झिजला की नवा लावा. बुडाला शेवाळ आणि टणक बार्नॅकल चिकटू नयेत म्हणून खास रंग असतो, तोही वेळेवर द्या. 2022 च्या शर्यतीत बार्नॅकलमुळे काही बोटींचा वेग चांगलाच घसरला होता.

कामाचा हंगाम निवडा

पश्चिम किनाऱ्यावर जून-जुलैत मासेमारी बंद असते आणि होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात. या काळात इंजिन, वायरिंग, शिडांची शिलाई अशी आडोशाची कामे उरका. रेझिनचे काम मात्र पावसाळ्यात टाळा. दमट हवेत इपॉक्सीवर मेणचट थर येतो आणि त्यावरचा पुढचा थर चिकटत नाही. दिवाळीनंतरची कोरडी हवा या कामाला उत्तम. दुपारच्या उन्हात रेझिन भांड्यातच पटकन घट्ट होते, म्हणून सकाळी लवकर आणि थोडे थोडेच मिसळा.

घरच्यांची सुरक्षा आधी

• फायबर घासताना साधा रुमाल पुरत नाही. चांगला मास्क, चष्मा, हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचे कपडे हवेत.
• इपॉक्सी अंगाला वारंवार लागली तर कायमची अॅलर्जी होऊ शकते.
• पॉलिएस्टर रेझिनचा हार्डनर डोळ्यात गेला तर दृष्टी जाऊ शकते. लगेच भरपूर पाण्याने धुवा आणि डॉक्टरांकडे जा.
• अॅसिटोनजवळ आग, सिगारेट नको. बोटीच्या आत काम करताना हवा खेळती ठेवा.
• मुलांना मदतीला घ्या, पण खुणा करणे, यादी लिहिणे, स्क्रू मोजणे यासाठी. रेझिन आणि घासकाम मोठ्यांनीच करावे.

जुनी बोट घ्यावी का?

स्वस्तात मिळते म्हणून घेऊ नका, तपासून घ्या. फिका रंग, मळके कुशन, जुनी शिडे यांनी घाबरू नका. ओले डेक, हलणारे सुकाणू, गंजलेल्या चेनप्लेट दिसल्या तर त्यांचा खर्च आधी काढा. अनेकदा तो बोटीच्या किमतीहून जास्त निघतो.

पण अंग खणखणीत असेल आणि वेळ द्यायची तयारी असेल, तर जुनी बोट वाचवण्यात आणखी एक फायदा आहे. फायबर कुजत नाही हा गुण बोट टाकून देताना अवगुण ठरतो, कारण त्याचा पुनर्वापर कठीण आहे. फ्रान्समध्ये तर जुन्या बोटी मोडीत काढण्यासाठी 2019 पासून वेगळी व्यवस्थाच सुरू करावी लागली. दुरुस्त होऊन पाण्यात गेलेली प्रत्येक बोट किनाऱ्यावरचा तेवढा कचरा कमी करते.

तेव्हा पुढच्या सुट्टीत बोटीवर गेलात की शीड उभारण्याआधी खिशातले नाणे काढा आणि डेकवर वाजवून पाहा. पाच मिनिटांत बोट स्वतःच सांगेल तिला कुठे दुखते आहे.